उंदीर बरे झाले, पण कशापासून?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धाकट्या भावाला तीन वर्षांपूर्वी एचआयव्हीचं निदान झालं. एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) केंद्रावरून मिळणारी रोजची एक गोळी चालू आहे, गेल्या दोन्ही तपासण्यांत व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडलेला नाही, तो नेमानं कामावर जातो. आता मेव्हण्यांनी एक संदेश पाठवलाय. रेट्रोव्हायरसमुळे (एचआयव्हीच्या कुळातल्या विषाणूमुळे) प्रतिकारशक्ती ढासळलेल्या उंदरांना एका वनस्पतीचा अर्क दिला, त्यांची सुजलेली प्लीहा (आजीच्या भाषेत पाणथरी) कमी झाली, टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) पुन्हा काम करू लागल्या, आणि हे परदेशी नियतकालिकात छापून आलंय, असं त्यात आहे. त्याच वनस्पतीचा काढा विकणारे गृहस्थ म्हणतात की काढा चालू असेपर्यंत 'इंग्रजी गोळी' बंद ठेवायची. यात तथ्य किती, असं तुम्ही विचारलंय.

गोळीपुरतं उत्तर आधी देते, कारण ते कशावरही अवलंबून नाही. गोळी बंद करायची नाही, एक दिवससुद्धा.

बाकीचं उत्तर लांबणार आहे. कारण तो संदेश बहुधा खोटा नाही. असे प्रयोग खरंच झालेत आणि छापूनही आलेत. कोरियातल्या प्रयोगशाळांनी तर कितीतरी वनस्पतींचे आणि अळंब्यांचे अर्क या उंदरांवर तपासलेत. 'प्लीहा कमी झाली' हे वाक्य मीही माझ्या वहीत अनेकदा लिहिलंय. प्रश्न आहे तो त्या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा याचा. मी काही वर्षं प्रयोगशाळेत उंदरांच्या याच विषाणूवर काम केलं, शेकडो प्लीहा काढून तराजूवर ठेवल्या, म्हणून थोडं अधिकारानं सांगते.

हे उंदीर कोण, इथून सुरुवात करू. फ्रान्समध्ये लातार्जे आणि द्युप्लां या संशोधकांना १९६०च्या सुमारास किरणोत्सर्गानं कर्करोग झालेल्या काळ्या उंदरांत एक विषाणू मिळाला. पुढे त्याचा एक वंश एलपी-बीएम५ या नावानं ओळखला जाऊ लागला. १९८५ मध्ये अमेरिकेत मोझियर, येटर आणि मोर्स यांनी दाखवलं की तो 'ब्लॅक सिक्स' जातीच्या प्रौढ काळ्या उंदरांना टोचला की काही आठवड्यांत त्यांच्या लसिकाग्रंथी आणि प्लीहा फुगतात, प्रतिपिंडांचा पूर येतो, आणि तरीही प्रतिकारशक्ती कोसळते. मग एरवी किरकोळ ठरणारे जंतूही त्यांना पेलवत नाहीत आणि काही महिन्यांत ते मरतात. एड्सची दहशत ऐन भरात होती ते हे वर्ष. या आजाराला 'म्युराइन एड्स', म्हणजे उंदरांचा एड्स, असं नाव पडलं. माझं मत विचाराल तर निम्मा घोळ या नावानं घातला. 'काळ्या उंदरांचा लसिकावाढीचा आजार' असं काही रुक्ष नाव पडलं असतं, तर तुमच्या मेव्हण्यांपर्यंत तो संदेश पोचलाच नसता.

कारण आतून हा आजार एचआयव्हीपेक्षा फार वेगळा आहे. एचआयव्ही सीडी४ टी पेशींत शिरतो आणि त्यांची संख्या घटत जाते, म्हणून तर तुमच्या भावाच्या कार्डावर सीडी४चा आकडा लिहिलेला असतो. एलपी-बीएम५चं मुख्य घर म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी. तिथे सीडी४ पेशी संपत नाहीत, उलट सुरुवातीला त्यांची गर्दी होते. त्या असतात, पण हाकेला ओ देत नाहीत. गंमत म्हणजे ज्या उंदरांना जन्मतःच टी पेशी नसतात त्यांना हा आजार होत नाही. बी पेशी आणि सीडी४ पेशी एकमेकींना चिथावत राहतात आणि त्या भांडणातून आजार उभा राहतो.

आणखी एक गोष्ट १९८९ मध्ये उघड झाली. मॉन्ट्रियलच्या पॉल जोलिकोअर यांच्या गटानं आणि अमेरिकेतल्या चट्टोपाध्याय प्रभृतींनी दाखवलं की एलपी-बीएम५ हा एक विषाणू नसून मिश्रण आहे, आणि त्यातला आजार घडवणारा विषाणू चक्क अपंग आहे. त्याला स्वतःच्या बळावर प्रती काढता येत नाहीत. सोबतच्या धडधाकट विषाणूच्या खांद्यावर बसून तो पेशीत शिरतो, तिच्या जनुकांत जाऊन बसतो आणि एक बिघडलेलं प्रथिन बनवत राहतो. त्यानंतर त्याला नवीन पेशी गाठायची फारशी गरज उरत नाही. ती बी पेशीच दुभागत जाते आणि प्रत्येक दुभागणीत विषाणूची प्रत फुकटात तयार होते.

आता उपचारांचे निकाल या चित्रावर ठेवून पाहा, म्हणजे कोडं सुटतं. एझेडटी हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध. ते या उंदरांना विषाणू टोचल्याबरोबर दिलं तर आजार लांबतो, सौम्य होतो. आजार एकदा उभा राहिल्यावर दिलं तर फारसं काही होत नाही. साहजिक आहे, एझेडटी विषाणूला नवीन पेशीत घर करू देत नाही, पण घर केलेल्या पेशीला दुभागण्यापासून रोखत नाही. याउलट १९९१ मध्ये जोलिकोअर यांच्याच प्रयोगशाळेनं कर्करोगाची औषधं वापरून पाहिली आणि सायक्लोफॉस्फमाइडनं उंदीर लक्षणीय सुधारले. हे औषध दुभागणाऱ्या पेशी मारतं. अवयव बदललेल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबायला वापरतात ते सायक्लोस्पोरिन, तेही या उंदरांना आजारापासून वाचवतं.

इथे जरा थांबा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं प्रतिकारशक्ती गेलेल्या उंदरांना वाचवतात! एचआयव्हीवरचा इलाज म्हणून कोणी शहाणा डॉक्टर तुमच्या भावाला सायक्लोफॉस्फमाइड देईल का? पण 'रेट्रोव्हायरसनं प्रतिकारशक्ती ढासळलेले उंदीर बरे झाले' हे वाक्य त्या औषधाला शंभर टक्के लागू आहे. म्हणजे ते वाक्य खरं असूनही त्यातून माणसाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, त्यातला प्रकार.

म्हणून असा कुठलाही निकाल आला की मी आधी विचारते: हे औषध विषाणूला अडवतंय, की फक्त पेशींची वाढ दाबतंय? वनस्पतींच्या अर्कांवरच्या बऱ्याच लेखांत प्लीहेचं वजन असतं, बशीतल्या टी आणि बी पेशी किती दुभागल्या ते असतं, चार-पाच सायटोकाइन्सचे (प्रतिकारपेशींच्या निरोप्या प्रथिनांचे) आकडे असतात. अपंग विषाणूच्या किती प्रती उरल्या हे मोजलेलं फार कमी ठिकाणी दिसतं.

प्लीहेचं वजन किती फसवं असतं याचा माझाच किस्सा सांगते. निरोगी काळ्या उंदराची प्लीहा साधारण ८० ते १०० मिलिग्रॅमची. आमच्या आजारी उंदरांची तिच्या कितीतरी पट व्हायची. एकदा आम्ही एक संयुग पिण्याच्या पाण्यातून देत होतो. सहा आठवड्यांनी औषधवाल्या गटाच्या प्लीहा निम्म्याहून लहान निघाल्या. मी आनंदानं तक्ता काढायला बसले. ॲनिमल हाऊसमध्ये आमचे एक मामा होते, पिंजरे धुणं, भुसा बदलणं, बाटल्या भरणं हे सगळं तेच बघायचे. ते सहज म्हणाले, "मॅडम, त्या रांगेतले पाणी कमी पितात. बाटल्या भरलेल्याच परत येतात." संयुग कडूजहर होतं. उंदीर तहानलेले, त्यामुळे खाणंही कमी, वजन उतरलेलं, जिवावर ताण. उपासमार आणि ताण यांनी शरीरातलं कॉर्टिसॉलसारखं संप्रेरक वाढतं आणि त्यानं प्लीहा, थायमस दोन्ही आक्रसतात. आम्ही तोच प्रयोग नळीनं थेट पोटात औषध देऊन पुन्हा केला, परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हापासून मी प्लीहेच्या आकड्याआधी उंदराच्या वजनाचा आकडा शोधते. लेखात तो नसेल तर पुढे वाचायची घाई करत नाही.

दुसरा चकवा विषाणूच्या साठ्याचा. मिश्रण असल्यामुळे प्रत्येक खेपेला अपंग आणि धडधाकट विषाणूंचं प्रमाण सारखं येत नाही. खेप कमकुवत निघाली की औषध न दिलेले उंदीरही बेतानंच आजारी पडतात आणि मग कुठलंही पाणी रामबाण वाटतं. अशी एक अख्खी खेप आम्ही फेकून दिली होती.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही कबूल करायला हवं. औषध कधी सुरू केलं यानं तर निकाल उलटासुलटा होतो. बऱ्याच प्रयोगांत अर्क विषाणू टोचण्याच्या आधीपासून किंवा त्याच दिवसापासून दिलेला असतो. तुमच्या भावाला संसर्ग होऊन वर्षं झाली, त्याच्याशी त्या वेळापत्रकाचा काय संबंध? उंदीर कुठल्या जातीचा, हाही प्रश्न आहेच. ब्लॅक सिक्स चटकन आजारी पडतात, बॅल्ब-सी जातीचे पांढरे उंदीर त्याच विषाणूला दाद देत नाहीत. प्रयोगातले सगळे ब्लॅक सिक्स म्हणजे जणू एकमेकांची जुळी भावंडं. माणसं तशी नसतात. मात्रेचं गणितही लोक विसरतात. उंदराला किलोमागे ५०० मिलिग्रॅम दिलं असेल, तर शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबानं साधारण बारानं भागून माणसाची मात्रा काढतात. साठ किलोच्या माणसाला ती जवळपास अडीच ग्रॅम सुकवलेला, गाळलेला, मोजलेला अर्क रोज, इतकी होते. काढ्याच्या बाटलीत तो किती आहे, विकणाऱ्याला विचारून बघा.

मग उंदरांवरचं हे काम निरुपयोगी का? अजिबात नाही, आणि हा भाग मला सांगायचाच आहे, कारण माझी ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली. एझेडटीचीच गोष्ट घ्या. जेरोम हॉर्विट्झ यांनी ते १९६४ मध्ये डेट्रॉइटमध्ये कर्करोगासाठी बनवलं, तिथे ते चाललं नाही आणि फडताळात गेलं. १९७४ मध्ये जर्मनीत ओस्टरटाग यांनी दाखवलं की ते उंदराच्या एका रेट्रोव्हायरसला पेशींमध्ये रोखतं. तेव्हा माणसाचा असा आजारच माहीत नव्हता, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. पुढे १९८४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत एड्सच्या औषधाचा शोध सुरू झाला, तेव्हा तिथे एचआयव्ही हाताळायची सोय नव्हती. त्यांनी चाळणी लावली ती उंदरांच्या रेट्रोव्हायरसनं बाधित पेशींची. त्या चाळणीतून एझेडटी वर आलं, १९८५ मध्ये ते खऱ्या एचआयव्हीवर तपासलं गेलं, १९८६ मध्ये रुथ रुप्रेक्ट यांच्या गटानं जिवंत उंदरांत रौशर नावाच्या उंदरांच्या रेट्रोव्हायरसवर त्याचा परिणाम दाखवला आणि मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत ते मंजूर झालं.

तिथे उंदीर उपयोगी पडला याचं कारण, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विषाणूला पेशीत घर करायला लागणारं विकर (एन्झाइम) उंदराच्या विषाणूतही आहे आणि एचआयव्हीतही. औषधाचा नेम त्या विकरावर होता. निशाण एकच असेल तर एका विषाणूवरचा निकाल दुसऱ्याकडे नेता येतो. तिथेही सरसकट नाही. नेव्हिरापिन हे त्याच विकरावरचं औषध एचआयव्ही-१ वर चालतं आणि त्याच्या सख्ख्या चुलत भावावर, एचआयव्ही-२ वर, चालत नाही. मग वनस्पतीच्या अर्कानं फुगलेली प्लीहा बसली, हा निकाल कुठल्या निशाणाच्या भरवशावर माणसाकडे आणायचा?

'मग एचआयव्हीच उंदरात का नाही टोचत?' असं तुमच्या मनात आलं असेल. तो टोचून भागत नाही. उंदराच्या पेशींवरची सीडी४ची कडी एचआयव्हीच्या चावीला बसत नाही, आणि कशीबशी आत घुसवली तरी पेशीतल्या एका प्रथिनातल्या फरकामुळे विषाणूचं यंत्र नीट फिरत नाही. म्हणून १९८८ मध्ये दोन गटांनी वेगळी वाट काढली. स्वतःची प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत त्यांनी माणसाच्या प्रतिकारपेशी वसवल्या. त्यातल्या एका गटाचे प्रमुख होते तेच डोनाल्ड मोझियर, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी ब्लॅक सिक्स उंदरांचा हा आजार मांडला होता. हे मला फार बोलकं वाटतं. आज एचआयव्हीच्या औषधासाठी 'उंदरांवर तपासलं' म्हणायचं असेल तर बहुधा हे मानवी पेशींचे उंदीर अपेक्षित असतात. मेव्हण्यांच्या संदेशातला उंदीर त्यातला नाही. संदेशात फुगलेल्या प्लीहेचा उल्लेख आहे, त्यावरून मी सांगते.

उंदरापासून माणसापर्यंतची सरळ वाट कशी असते तेही पाहा. बेल्जियममधल्या लिएजच्या आणि नॉर्वेतल्या संशोधकांना या उंदरांत टी पेशी सुस्तावण्यामागे प्रोस्टाग्लँडिन या सूज-वेदनेशी संबंधित रसायनाचा हात दिसला. प्रोस्टाग्लँडिन बनवणारं कॉक्स-२ हे विकर दाबणारी औषधं सांधेदुखीसाठी आधीच बाजारात होती. मग नॉर्वेत एचआयव्हीच्या थोड्या रुग्णांवर त्यातल्या सेलेकॉक्सिबची रीतसर, संमती घेऊन, आकडे मोजून चाचणी झाली. टी पेशींची नको ती उत्तेजना कमी झाल्याचं दिसलं. एवढं होऊनही ते औषध एचआयव्हीवरचा उपचार झालेलं नाही. आणि इथे उंदरांवरच्या एका लेखावरून थेट बाटली विकली जातेय.

आता तुमच्या घरातल्या निर्णयाबद्दल. गोळी थांबवली तर बहुतेक रुग्णांत दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात परत दिसू लागतो. हे उंदरांवरून नाही, माणसांवरून सांगते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मार्ट नावाच्या चाचणीत ५,४७२ जण होते. सीडी४ चांगला आहे तोवर औषध थांबवायचं, खाली आला की सुरू करायचं, असं एका गटात केलं. त्या गटात संधिसाधू (प्रतिकारशक्ती खालावल्याचा फायदा घेणारे) आजार किंवा मृत्यूचं प्रमाण सलग औषध घेणाऱ्यांच्या अडीच पटींहून अधिक निघालं आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. शिवाय केंद्रावरची सध्याची नेहमीची गोळी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिरची असते. त्यातली पहिली दोन हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात. भावाला तोही संसर्ग असेल आणि गोळी अचानक बंद झाली, तर यकृत भडकू शकतं.

'गोळी चालू ठेवून वर काढा घेतला तर?' हा पुढचा प्रश्न येणारच. हे काढ्यात काय आहे त्यावर अवलंबून आहे, आणि नेमकं तेच आपल्याला माहीत नसतं. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेल्या गोळ्या किंवा ॲसिडिटीची काही औषधं डोल्युटेग्रॅव्हिरसोबत घेतली तर ते रक्तात कमी उतरतं. म्हणून डोल्युटेग्रॅव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायला सांगतात. काढ्यात भस्म असेल तर हीच शंका घ्यावी लागते. काही वनस्पती यकृतातली विकरं वाढवून औषध लवकर शरीराबाहेर काढतात. तेव्हा बाटली घेऊन एआरटी केंद्रावरच्या डॉक्टरांना दाखवा. लपवू नका, ते रागावणार नाहीत. रागावले तरी ऐकून घ्या.

मेव्हण्यांशी भांडू नका. महाराष्ट्रात सरकारी केंद्रांवर मोफत एआरटी एप्रिल २००४ मध्ये सुरू झाली. त्याआधी औषध परवडायचं नाही आणि काढे, भस्मं, मंतरलेलं पाणी यावर लोकांनी शेतं विकली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या पिढीच्या मनात 'एड्सवर औषध नाही' हेच पक्कं बसलंय, म्हणून उंदीर बरा झाला हे वाचून त्यांना भरून येतं. एवढंच विचारा: भावाचा व्हायरल लोड आत्ता सापडत नाहीये, तर काढ्यानं नेमकं काय सुधारायचंय? यावर बहुधा उत्तर येणार नाही. तरी नाहीच पटलं, तर पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या. सोनारानंच कान टोचलेले बरे. केंद्र लांब असेल तर १०९७ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि तो मूळ लेख मिळाला तर इथे टाका. प्लीहेचा तक्ता मी नंतर पाहीन. आधी उंदरांची वजनं आणि औषध कितव्या दिवशी सुरू केलं ते वाचून कळवते.